फ्लेक्सवर नाव कुणाचं ते सोडा, पैसे कुठल्या हेडचे ते कसं शोधायचं

गावात काँक्रीट रस्ता नाहीतर सभामंडप मंजूर झाला की चौकात तीन फ्लेक्स लागणार हे ठरलेलंच. एक आमदारांचा, एक माजी आमदारांचा आणि एक कुठल्यातरी 'भावी'चा. तिन्हीवर "यांच्या अथक प्रयत्नातून", तिन्हीवर आकडा तोच. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस धुरळा. त्यापेक्षा कागद काढा, बऱ्याचदा घरबसल्या कळतं.

पहिला प्रश्न एकच विचारायचा, काम कुठल्या हेडमधून, म्हणजे सरकारी हिशोबातल्या कुठल्या खात्याच्या पैशातून आहे? ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) माहीत असतं, सरपंचालाही असतं, सांगतात की नाही तो भाग वेगळा.

उत्तर वित्त आयोग असेल तर फ्लेक्सवाल्या कुणाचाच संबंध नाही. हा पैसा कुणी मंत्रालयात खेटे घालून आणलेला नसतो, ठरलेल्या सूत्राने येतो आणि १५ व्या वित्त आयोगात (२०२०-२१ ते २०२५-२६) आपल्या राज्यात त्यातला ८० टक्के ग्रामपंचायतीकडे, उरलेला १०-१० टक्के पंचायत समिती आणि झेडपीकडे असा हिशोब होता. काम कुठलं घ्यायचं ते गावाच्या आराखड्यात ठरतं, म्हणजे श्रेय द्यायचंच तर सरपंच, बॉडी आणि ग्रामसभेला जे चार लोक आले त्यांना द्या. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गाव निवडलं की आराखडा आणि पेमेंट दोन्ही दिसतात, लॉगिन लागत नाही.

खासदार निधी, आमदार निधी असेल तर थोडं वेगळं. खासदाराला वर्षाला ५ कोटी, आपल्याकडे २०२२ पासून आमदारालाही ५ कोटी, पण पैसे त्यांच्या खात्यात येत नाहीत, ते फक्त काम सुचवतात आणि प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते. शंभर गावांतून तुमचं गाव निवडलं एवढं श्रेय खरंच त्यांचं, ते द्यायला काही हरकत नाही. खासदार निधीच्या कामावर योजनेचं नाव, खर्च आणि खासदाराचं नाव असलेली पाटी लावायचा नियमच आहे, म्हणजे तिथे फ्लेक्स नव्हे, पाटी वाचायची.

खरी मारामारी असते २५१५ वर. ग्रामविकास विभागाचं हे लेखाशीर्ष, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामं यातून होतात, आणि इथे खरोखर कुणाचं तरी पत्र लागतं. शासनाच्या साइटवर ग्रामविकास विभागाचे जीआर (शासन निर्णय) उघडा, मागच्या परिशिष्टात कामाचं नाव आणि रक्कम असते. पीडीएफ बऱ्याचदा स्कॅन केलेली असते, सर्च मारून गाव सापडत नाही, मुकाट्याने पानं चाळायची, आधी जिल्हा मग तालुका. जनसुविधा वगैरे जिल्हा नियोजन समितीच्या कामांना मान्यता जिल्ह्यातच मिळते, तिथे समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, म्हणून त्यांचा फोटो सगळ्यात मोठा.

पत्र कुणाचं ते जीआरवरून कळेलच असं नाही, त्यासाठी माहिती अधिकार. साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर द्यायला पाहिजे, नाही दिलं तर पहिलं अपील २० रुपयांत. "हे काम कुणामुळे झालं" असं विचारू नका, "माहिती संकलित नाही" असं एका ओळीचं उत्तर येईल. कागद मागा: काम सुचवल्याच्या पत्राची प्रत, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेलं पुस्तक) प्रत. पत्र हातात आलं की तारीख बघायची. मंजुरीनंतरच्या तारखेचं पत्र म्हणजे नुसता हार घालून घ्यायचा कार्यक्रम. अशी पत्रं फेसबुकवर जास्त फिरतात, आणि गंमत म्हणजे त्यावर पत्र ऑफिसात पोचल्याचा आवक शिक्का कधीच नसतो.

मोजमाप पुस्तिका कशाला, असं वाटेल. तर एकाच रस्त्यावर दोन नेते छातीठोक दावा करतात तेव्हा दरवेळी एकजण खोटं बोलतोय असं नसतं, कधीकधी दोघंही खरं बोलत असतात, एकाने २५१५ मधून काम घातलेलं असतं, दुसऱ्याने आमदार निधीतून, नावं जरा वेगळी, एक "मारुती मंदिर ते शाळा", दुसरं "शाळा ते मारुती मंदिर". रस्ता एकच, बिलं दोन. म्हणून दोन्ही हेडचे कागद मागायचे, लांबी-रुंदी, कुठून कुठपर्यंत, बिलाची तारीख शेजारी शेजारी ठेवायची आणि टेप घेऊन रस्ता स्वतः मोजायचा. फरक निघाला तर ग्रुपवर टाकायची घाई नको, आधी कार्यकारी अभियंता आणि झेडपीच्या सीईओंकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत तो विषय इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.