जुन्या रिगची फ्रिक्वेन्सी सरकते? या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात येसू एफटी-101 आणि केनवुड टीएस-520 हे हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे जुने रिग (ट्रान्समीटर-रिसीव्हर संच) अजून बऱ्याच शॅकमध्ये, म्हणजे हॅमच्या रेडिओच्या खोलीत, चालू आहेत. माझ्याकडे ‘फ्रिक्वेन्सी पळते’ म्हणून येणाऱ्या रिगमध्ये मूळ दोष बहुतेक वेळा किरकोळ असतो. त्यावर मालकाने केलेली दुरुस्ती निस्तरताना जीव जातो.

सगळ्यात मोठं दुखणं घाईचं. सकाळच्या नेटला, म्हणजे हॅमच्या हवेवरच्या बैठकीला, दहा मिनिटं आधी रिग लावायची, आणि कोणी ‘ओएम (मित्रा), वर सरकलात’ म्हटलं की लगेच स्क्रूड्रायव्हर हातात. अहो, टीएस-520 च्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय: पहिल्या तासात एक किलोहर्ट्झपर्यंत सरकेल, त्यानंतर कुठल्याही अर्ध्या तासात 100 हर्ट्झच्या आत राहील. व्हॉल्व्हची (काचेच्या नळ्यांची) ऊब व्हीएफओच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या ऑसिलेटरच्या, डब्यापर्यंत पोचून स्थिरावायला वेळ लागतो, त्यात डिसेंबरातली इकडची पहाट म्हणजे चेसिस बर्फासारखं. मी तासभर आधी रिग चालू करून अंघोळ-चहा उरकून घेतो. ज्याला तेवढा दम नाही त्याने सरळ आजकालचा रिग घ्यावा.

दुसरं, सरकणं आणि उडी मारणं यांत फरक न करणं. एकाच दिशेने हळूहळू जात असेल तर उष्णतेचा मामला. डायलला बोट लागताच किंवा टेबल हलताच दोन-तीनशे हर्ट्झची उडी मारत असेल तर कुठेतरी कॉन्टॅक्ट खराब आहे. रिगमधला क्रिस्टल मार्कर (ठरावीक फ्रिक्वेन्सीवर खूण देणारा सिग्नल) लावा, 1000 हर्ट्झचा सूर येईल असा डायल ठेवा, मोबाईलवर ऑडिओ स्पेक्ट्रमचं ॲप उघडा आणि दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहा. हे केल्याशिवाय रिग उघडायचा नाही. माझ्याकडे वहीशिवाय आलेल्याला मी परत पाठवतो.

निपाणीकडचा एक पोरगा अशीच उडी मारणारी टीएस-520 घेऊन आला. येण्याआधी त्याने व्हीएफओच्या डब्याच्या भोकातून गंज काढायचा स्प्रे भरपूर मारला होता. “व्हिडिओत तसंच करायल्यात की, काका!” तेल गँगच्या (ट्यूनिंगच्या फिरत्या कपॅसिटरच्या) पत्र्यांमध्ये पसरलं, त्यावर धूळ बसली, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलं. आधी फक्त उडी मारायची, आता तास झाला तरी थांबेना. डबा बाहेर काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन गँगचा एकेक पत्रा धुतला, टेबललॅम्पखाली रात्रभर वाळवला. बेअरिंगला सुईच्या टोकाएवढं ग्रीस. मूळ दोष रोटरला (गँगच्या फिरत्या भागाला) टेकणाऱ्या पितळी पट्टीवरच्या काळ्या थराचा. जाड कागदाच्या पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब घेऊन ती पट्टीखालून चार वेळा ओढली, उडी बंद. अर्ध्या तासाचं काम. खानापूरकडच्या पावसाळ्यात हा काळा थर जास्तच धरतो, पण म्हणून स्प्रे नको.

कपॅसिटर बदलणाऱ्यांचा वेगळा पंथ आहे. ‘व्हॅल्यू तीच आहे’ म्हणून दुकानात मिळाला तो सिरॅमिक ठोकून देतात. हिशेब बघा: ट्यून्ड सर्किटची (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीची) एकूण कपॅसिटन्स अंशाला दहा लाखांत 10 भाग बदलली तर फ्रिक्वेन्सी 5 भाग बदलते. 5 मेगाहर्ट्झच्या व्हीएफओत ते झाले 25 हर्ट्झ. डबा 10 अंशांनी तापला की 250. जुन्या डिस्क कपॅसिटरच्या डोक्यावर काळा ठिपका असेल तर तो एनपीओ, जवळजवळ न बदलणारा. जांभळा असेल तर एन750, उष्णतेबरोबर मुद्दाम कमी होणारा, कॉइलचं वाढणं भरून काढायला कंपनीने बसवलेला. ‘चांगला’ एनपीओ घालतो म्हणून तो जांभळा काढलात की व्हीएफओ आयुष्यभर खाली सरकणार. पॉलिस्टायरिनला सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं तर तो वितळतो. आणि नवा डाग दिल्यावर लगेच मोजायला बसू नका, रात्र जाऊ द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात. पंख्याचा झोत व्हीएफओवर मारू नका, फायनलकडे (शेवटच्या पॉवर व्हॉल्व्हकडे) वळवा. डब्याच्या झाकणाचे सगळे स्क्रू परत लावा, एखादा उरला म्हणून खिशात टाकू नका. आरआयटीचं (फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी थोडी हलवणारं) पॉट खरखरत असेल तर व्हीएफओला दोष देऊ नका, आधी आरआयटी बंद करून बघा. गावात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज आपटतं, पण व्हीएफओचा रेग्युलेटेड व्होल्टेज हलता कामा नये. पीटीटी (बोलायचं बटण) दाबून आणि सोडून मीटरवर बघा. ट्रान्समिटला पडत असेल तर झेनर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड) आणि त्याच्या आसपासचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बघा. हे करताना दुसरा हात खिशात, फायनलच्या प्लेटला सहाशे-आठशे व्होल्ट असतात.

शेवटी हफ अँड पफ स्टॅबिलायझर, म्हणजे व्हीएफओची फ्रिक्वेन्सी ठरावीक पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर धरून ठेवणारं सर्किट. डच हॅम क्लास स्पार्गारेन यांची 1973 ची कल्पना, आणि आहे नामी. पण तो हळू सरकणं धरून ठेवतो, उडी नाही. उडी मोठी असली की शेजारच्या पायरीवर जाऊन लॉक होतो. बसवायचाच असेल तर गँगचे कॉन्टॅक्ट साफ करून, वहीतले आकडे सरळ यायला लागल्यावर बसवा.