घरी टायर रोटेशन (चाकांच्या जागा आपसात बदलणं) करताय? आधी गाडी नीट उचला
गाडी सपाट, कडक जागेवरच लावा, मातीत किंवा उतारावर अजिबात नको, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि जे टोक उचलायचं नाही तिथल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. जॅक मॅन्युअलमधल्या पॉइंटलाच लावा, आणि उचलल्यावर लगेच खाली जॅक स्टँड (गाडी पेलून धरणारा भक्कम स्टँड) लावा, कारण नुसत्या जॅकचा भरवसा नसतो, त्यावर गाडी असताना खाली हातसुद्धा घालू नका प्लीज.

फ्रंट व्हील ड्राइव्हला (इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाडीला) पुढची चाकं सरळ मागे, मागची क्रॉस करून (डावं उजवीकडे, उजवं डावीकडे) पुढे. टायरवर फिरण्याचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही. नट समोरासमोरचे आवळा, शेवटचं टाइट गाडी खाली उतरवूनच, ८०-१०० किमीनंतर परत चेक करा.