वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायचंय? आधी फाइल वाचायला शिका

सोलापुरात वंशावळ हवी असते ती बहुतेकदा जात पडताळणीच्या अर्जासाठी. ओबीसी असेल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांपैकी असेल तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. मग आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीतली नोंद, वारसाचा फेरफार अशी शोधाशोध होते. वंशावळ शपथपत्रावर टाइप होते, वैधता प्रमाणपत्र मिळतं आणि इतक्या कष्टानं जमवलेली माहिती कपाटात जाते. पुढं चुलत भावाच्या मुलीला तीच पायपीट पहिल्यापासून करावी लागते. हे बघवेना म्हणून मी या कामात आले आणि अजून याच कामात आहे.

नव्यानं येणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर शिकू? ग्रॅम्प्स घ्या. ते मुक्त आहे, फुकट आहे आणि पायथन या संगणकभाषेत लिहिलेलं असल्यानं आतून उघडून बघता येतं. पण सॉफ्टवेअरवर फार जीव लावू नका. पर्सनल अ‍ॅन्सेस्ट्रल फाइल हे एके काळी जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर 2013 मध्ये बंद झालं. ज्यांनी आपली माहिती प्रमाण स्वरूपात बाहेर काढून ठेवली होती, त्यांचं काही अडलं नाही.

ते प्रमाण म्हणजे जेडकॉम. अमेरिकेतल्या युटाच्या मॉर्मन चर्चनं ते 1984 मध्ये आणलं. ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्येक ओळीत पातळीचा आकडा, मग ठरलेली खूण, मग माहिती. माणसाची नोंद वेगळी, कुटुंबाची वेगळी आणि दोन्ही क्रमांकांनी जोडलेल्या. मामाच्या मुलीशी लग्न झालं की एकच आजी दोन वाटांनी नात्यात येते, तरी तिची नोंद एकदाच करायची. चार पिढ्यांची अशी फाइल एकदा हातानं लिहून काढा. जे समजेल ते कुठल्याही व्हिडिओतून समजणार नाही.

आज बरीचशी सॉफ्टवेअर अजून जेडकॉमच्या 5.5.1 या आवृत्तीवर आहेत. 1999 चा तो मसुदा होता आणि अंतिम म्हणून जाहीर झाला थेट 2019 मध्ये. त्यात ओळीच्या लांबीला मर्यादा आहे, त्यामुळे लांब मजकूर तोडून पुढच्या ओळीत जोडला जातो. इंग्रजीत यानं बिघडत नाही. देवनागरीचं मात्र प्रत्येक चिन्ह युटीएफ-8 मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, तीन बाइट घेतं, आणि सॉफ्टवेअरनं बाइट मोजून ओळ तोडली की अक्षर मधोमध चिरलं जातं. मग नोंदीत चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात. 2021 मध्ये आलेल्या 7.0 आवृत्तीनं ही तोडजोड काढून टाकली, युटीएफ-8 सक्तीचं केलं आणि फोटोंसह सगळं एका झिप पुडक्यात देण्याची सोय केली. आपल्या लिपीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच नवं काम 7.0 समजून घेऊनच करा, असं मी आग्रहानं सांगते.

खरी कसोटी नावांची. आपल्याकडं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि कित्येक आज्यांचं तर स्वतःचं नावही सासरी बदललेलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली या तेलुगू विणकर समाजाच्या घरांत घराण्याचं नाव आधी आणि माणसाचं नंतर. जेडकॉममध्ये आडनाव दोन तिरक्या रेघांत ठेवतात, ते आधी आलं तरी चालतं. अडतात ती ते शेवटीच असणार असं धरून चालणारी सॉफ्टवेअर. मी व्यक्तीच्या नावात फक्त तिचं स्वतःचं नाव आणि आडनाव ठेवते. वडील कोण हे नात्याच्या जोडणीतून कळतंच. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि कागदावर जसं आहे तसं पूर्ण नाव अशा वेगळ्या नावनोंदी त्याच व्यक्तीखाली करते.

तारखांना वेळ द्या. शके 1822 चा माघ म्हणजे 1900 नव्हे. शकात 78 मिळवून मोकळं होता येत नाही, कारण माघ येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटून 1901 लागलेलं असतं. निजामाच्या हद्दीतून आलेल्या कागदांवर फसली साल, म्हणजे तिथलं महसुली वर्ष, भेटतं. फसली 1357 म्हणजे 1947-48. जेडकॉमला ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतीची कालगणना माहीत आहे, शक नाही. त्यामुळे रूपांतरित तारीख तारखेच्या जागी आणि मूळ शब्द जसेच्या तसे तिच्याखाली ‘वाक्यांश’ (PHRASE) या खुणेच्या ओळीत लिहायचे. 7.0 मध्ये त्याला हक्काची जागा आहे. मूळ शब्द गाळू नका. रूपांतर चुकलं असेल तर पुढच्याला त्यावरूनच दुरुस्त करता येईल.

मोडी शिका, तेलुगू किंवा कन्नड कामापुरती वाचता येऊ द्या. जुने कुलवृत्तांत डीटीपीच्या जुन्या फॉन्टांत अडकलेले आहेत, ते युनिकोडमध्ये आणायचं कामही भरपूर आहे.

फाइल दुसऱ्याला देण्याआधी हयात माणसं वगळा. ग्रॅम्प्समध्ये तसा पर्याय आहे. नोंदीवर खासगी म्हणून खूण करता येते, पण समोरच्या सॉफ्टवेअरनं ती पाळली तरच तिचा उपयोग. आपल्या वंशावळीत जात असते, जन्मतारखा असतात. घरच्या एकानं होकार दिला म्हणजे सगळ्या भावकीनं दिला असं होत नाही, हे वंशावळ करून घेणाऱ्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

कुळ, देवक, कुलदैवत यांना जेडकॉममध्ये ठरलेली खूण नाही. अंडरस्कोअरनं सुरू होणारी आपली खूण तयार करता येते, आणि 7.0 मध्ये तिचा अर्थ कुठं वाचायचा याचा पत्ता फाइलच्या मथळ्यात देता येतो. पण प्रत्येकानं आपापली खूण काढली तर देवाणघेवाण पुन्हा तिथंच अडेल. जेडकॉम प्रमाणाची चर्चा गिटहब या संकेतस्थळावर उघडपणे चालते आणि कुणालाही मुद्दा मांडता येतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरं एकाच गल्लीत असलेल्या आपल्या शहरातून असे मुद्दे जायलाच हवेत. मांडताना अडलेलं एक खरं उदाहरण घ्या, त्यातली नावं बदला, फाइलमधल्या नेमक्या ओळी द्या आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन परत आणल्यावर त्या ओळींचं काय झालं ते शेजारी ठेवा.