खाडीकाठच्या जनसुनावणीला जाण्याआधी

आपल्या खाडीवरच्या एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली की आधी पेपरातली जाहिरात तारखेसकट कापून ठेवा. 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार जाहिरातीपासून लोकांना हरकतींसाठी किमान 30 दिवस मिळायलाच हवेत. ते कमी भरत असतील तर तिथूनच हरकत सुरू करा. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला मिळतो. मुंबई उपनगरातल्यांनी वांद्रे पूर्वेला जावं. मराठीतला सारांश हक्काने मागा. मूळ अहवाल जाडजूड असतो, तो सगळा वाचत बसू नका. नकाशा, झाडांची मोजणी आणि 'पर्यायी जागा' हे प्रकरण तेवढं बारकाईने वाचा. जागेचा सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) लिहून घ्या.

मग खाडीवर चक्कर मारा, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला. हे टाळून चालणार नाही. ओहोटीला तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी श्वासमुळं वर आलेली दिसतात, त्यांच्यामधून निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत असतात. झाड हवा घेतं ते या मुळांतून. त्यावर डेब्रिज पडलं किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं, की कुऱ्हाड न लावताही झाड मरतं. त्यामुळे फोटो नुसत्या हिरवाईचे काढू नका. मुळं, भराव, अडवलेला नाला असं सगळं जवळून टिपा. तारीख आणि जीपीएस फोटोवरच उमटू द्या. नकाशात जिथे 'पडीक जमीन' लिहिलंय तिथे भरतीचं पाणी चढत असेल, तर तो एक फोटो दहा भाषणांना भारी पडतो.

कोळीवाड्यात आधीच जाऊन या. चिंबोऱ्या, बोय कुठे मिळतात, होड्या कुठून आत-बाहेर करतात, हे तिथल्या मावश्यांइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. सुनावणीची वेळ अनेकदा त्यांच्या बाजाराच्या वेळेवरच येते, म्हणून त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, सहीनिशी लिहून घ्या. जुन्या रहिवाशांना 26 जुलै 2005 ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. भिंतीवरची खूण कुणी दाखवली तर तीही टिपा.

हरकत एका पानाची पुरे. एका परिच्छेदात एकच मुद्दा, सोबत अहवालाचा पान क्रमांक. सप्टेंबर 2018 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची तोड आणि भोवतीच्या 50 मीटरमधलं बांधकाम रोखलंय, त्याचा उल्लेख करा. पत्र सुनावणीआधीच इनवर्ड करा, म्हणजे कार्यालयाच्या आवक खिडकीवर नोंदवा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक नीट उमटलाय ना, हे खिडकीपाशीच तपासा.

त्या दिवशी लवकर पोहोचून हजेरीपटावर सही करा. पाणी, डबा, पॉवर बँक सोबत असू द्या. बोलताना नाव, राहण्याचं ठिकाण आणि सगळ्यात वजनदार मुद्दा पहिल्याच मिनिटात सांगा. चित्रीकरण होणं सक्तीचं आहे, कॅमेरा चालू असल्याची खात्री करा. आणि कृपा करून बोलून झालं म्हणून निघून जाऊ नका. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवलं जातं, तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात आणि मुद्दे गळतात ते नेमके तेव्हा. आपला मुद्दा त्यात आला नाही तर तिथेच उभं राहून सांगा. पुढे इतिवृत्ताची प्रत मिळवून ताडून बघा. तरीही तो नसेल तर शिक्क्याची पोच जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.