रोहित टिपायला निघण्याआधी

कॅमेऱ्याची बॅग भरायच्या आधी पंचांग उघडा. ठाणे खाडीवर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, किती जवळ येणार, हे भरती-ओहोटी ठरवते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही कामाला येतो. सप्तमी असेल तर सव्वापाच. भरती पूर्ण झाली की चिखल बुडतो आणि रोहित उठून जातात; ओहोटीला ते दूर, नुसते गुलाबी ठिपके. पाणी चढत असताना मात्र चरत चरत काठाकडे सरकतात. ते दोन-अडीच तास आपले. निघताना भरतीच्या तक्त्यावर वेळ एकदा ताडून घ्या.

मग ऊन. शिवडीच्या जेट्टीवरून आपण पूर्वेकडे बघतो. सकाळी सूर्य समोर येतो आणि रोहित काळेकुट्ट दिसतात. साडेतीननंतर ऊन पाठीशी येतं. म्हणून शिवडीला षष्ठी ते अष्टमी गाठा, चढतं पाणी आणि तिरपं ऊन एकत्र मिळतं. ऐरोलीचा काठ खाडीच्या पूर्वेला, तिथे हेच उलट, सकाळ चांगली. भर दुपारी जाऊच नका. तापलेल्या चिखलावर हवा थरथरते, मग कितीही महागडी लेन्स असो, पक्ष्याचा डोळा धारदार येत नाही.

ऐरोलीहून बोटीने जाणार असाल तर जागा आधी राखून ठेवा. बोटीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. कोपर बरगड्यांना टेकवा, शटरचा वेग १/१६०० सेकंदापेक्षा कमी करू नका, उडत्या थव्याला १/२५०० ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

एक्स्पोजर कमी-जास्त करणारं चाक न बघता फिरवायचा सराव घरीच करा. गडद चिखलावरचा पांढरा बगळा हमखास जळतो, नुसता पांढराफटक येतो. दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप उणे म्हणजे प्रकाश निम्मा) उणे करा, तरच पिसं सुटी दिसतात. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, ठेवा. दोन बॅटऱ्या, रिकामं कार्ड, टोपी, पाणी.

चौकटीचा विचार मात्र तिथे बसूनच होतो. रोहित चोच उलटी धरून पाणी गाळत असतो, त्यामुळे बहुतेक फोटोंत डोकंच नसतं. एकच पक्षी धरा आणि थांबा. मधेच तो मान वर करतो, चोचीच्या टोकावरून पाण्याची बारीक धार गळते, तेवढ्यात बटण दाबा. तोंडासमोर जागा सोडा, प्रतिबिंबाचे पाय कापू नका, माना एकमेकींवर चढू देऊ नका. मागे माहुलची धुराडी येत असतील तर दोन पावलं सरका, किंवा ती मुद्दाम ठळक घ्या. ती मुंबईच आहे. जमेल तितकं खाली बसा, डोळ्याला डोळा आला की चित्र बदलतं.

एकदा आमच्या बोटीत कुणीतरी थवा उठवायला टाळ्या वाजवल्या. सगळे उडाले, फोटोही मिळाले असतील. मला राग आला, अजून येतो. खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हे पक्षी इथे पोट भरायला येतात आणि असं प्रत्येक उडणं त्यांच्या चरण्यातून वजा होतं. ड्रोन घरी ठेवा, सोबत्यांनाही आधीच सांगून ठेवा.

परतल्यावर आळस न करता त्याच रात्री कॅमेरा आणि लेन्स किंचित ओलसर, मग कोरड्या फडक्याने पुसा. खारी हवा सांध्यांत शिरते.