कोल्ड फ्रंटची वेळ चुकते कुठे? हौशी निरीक्षकांनो, या चुका टाळा

कोल्ड फ्रंट, म्हणजे उबदार हवेला रेटत येणाऱ्या गार हवेची आघाडीची सीमा, येणार म्हटलं की सगळ्यांची नजर तापमानावर खिळते आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. पारा ढगाच्या सावलीनेही उतरतो, सरीनेही आणि संध्याकाळ झाली म्हणूनही.

सगळ्यांत जास्त फसवतो तो गडगडाटी ढगातून खाली कोसळून जमिनीवर पसरणारा गार वारा. काही मिनिटांत तापमान धाडकन पडतं, वाऱ्याची दिशा बदलते, बॅरोमीटरही उडी घेतो. नवखा माणूस लगेच वेळ लिहून मोकळा होतो. घाई करू नका, पुढचे दोन-तीन तास आलेख पाहा. तापमान पुन्हा चढलं, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो आकडा) आधीच्या पातळीकडे परतला आणि वारा जुन्या दिशेला वळला, तर ती त्या ढगाची करामत होती. अशा वादळांची रांग फ्रंटच्या शंभर-दोनशे किलोमीटर पुढेही धावते, म्हणजे फ्रंट यायला अजून काही तास असू शकतात. तो आला की वायुदाब आधी तळ गाठतो आणि मग तासन्‌तास चढत राहतो. दवबिंदू उतरतो तो उतरलेलाच राहतो.

रात्री गंमत उलटी होते. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगत गार हवेचा पातळ थर साचतो. फ्रंटचा वारा तो थर वरच्या उबदार हवेत घुसळून टाकतो आणि फ्रंट जाताना तापमान चक्क वाढू शकतं. ‘फ्रंट इकडे आलाच नाही’ अशा काही नोंदींचं मूळ इथे असतं.

सापेक्ष आर्द्रतेचा, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के आहे याचा आकडाही दिशाभूल करतो. आधी तापमान २८ अंश, दवबिंदू १८. नंतर तापमान १४, दवबिंदू ८. हवेतलं बाष्प जवळपास निम्म्यावर आलं, तरी सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेलेली दिसेल! आलेखावर दवबिंदूच लावा.

वायुदाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो वर असतो, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास खाली. उष्ण कटिबंधात हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलपर्यंत (वायुदाबाचं एकक) जातो, त्यामुळे दुपारी चारनंतरची सौम्य चढण फ्रंटच्या खात्यात टाकू नका. आधीच्या स्थिर हवेच्या दिवसांची त्याच तासाची नोंद शेजारी ठेवली की खरा बदल कळतो. आणि फ्रंट तोंडावर असताना बॅरोमीटरचं सेटिंग अजिबात बदलू नये.

वाऱ्याची खूण सर्वांत भरवशाची, पण ती नोंदवण्यातच घोळ होतात. उत्तर गोलार्धात वारा साधारण नैर्ऋत्येकडून पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे वळतो, दक्षिण गोलार्धात वायव्येकडून नैर्ऋत्येकडे. दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. सरासरी काढताना ३५० आणि १० अंशांची साधी बेरीज करून निम्मी केलीत, तर उत्तरेचा वारा थेट दक्षिणेचा होईल. दिशेची सरासरी सदिशांनी, म्हणजे प्रत्येक नोंदीचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम घटक वेगळे धरून काढतात. ते जमत नसेल तर मूळ नोंदीच ठेवा.

तासाभराच्या सरासरीत फ्रंट विरघळून जातो. दर मिनिटाला, निदान दर पाच मिनिटांनी नोंद घ्या. यंत्राचं घड्याळ आधी जुळवा आणि इतरांशी नोंदी ताडायच्या असतील तर सगळ्यांनी एकाच प्रमाणवेळेत लिहा. पावसाच्या भरवशावर तर राहूच नका. कधी पाऊस फ्रंटच्या मागे पडतो, कधी पडतच नाही.

हवामानाच्या नकाशावर फ्रंट दाखवणाऱ्या निळ्या दातेरी रेषेशी मिनिटांचा हिशेब जुळवण्यातही अर्थ नाही. प्रत्यक्षात फ्रंट हा अनेक किलोमीटर रुंदीचा पट्टा असतो आणि रेषा एका ठरावीक वेळेची असते.

वेग काढताना मात्र जाणकारही घसरतात. दोन ठिकाणांत ६० किलोमीटर अंतर आणि फ्रंट पोचण्यात दीड तासाचा फरक, म्हणून वेग ताशी ४० किलोमीटर? ती दोन्ही ठिकाणं फ्रंटच्या वाटचालीच्या दिशेत असतील तरच. त्यांना जोडणारी रेषा त्या दिशेशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर फ्रंटने कापलेलं अंतर ३० किलोमीटर आणि खरा वेग ताशी २०. तीन ठिकाणच्या वेळा मिळाल्या तर दिशा आणि वेग दोन्ही काढता येतात. फक्त ती तिन्ही एका सरळ रेषेत नसावीत.