विणलेल्या प्राण्याचा स्वभाव हाताला लागला पाहिजे

लोकरीचा गोंडस प्राणी कुणीही विणू शकतं. पण इंजेक्शनच्या रांगेत बसलेल्या किंवा आईशिवाय पहिल्यांदा झोपणाऱ्या मुलाला तो धीर देईल की नाही, हे त्याच्या स्वभावावर ठरतं आणि स्वभाव विणतानाच घालावा लागतो. सोबतच्या कार्डावर ‘हा ससा लाजाळू आहे’ एवढं लिहून भागत नाही. लाजला की कानांत तोंड लपवतो असा ससा असेल, तर त्याचे कान खरोखर तोंडापर्यंत पोचले पाहिजेत आणि मुलाला ते स्वतःच्या हाताने ओढून त्याच्या डोळ्यांवर घेता आले पाहिजेत. म्हणून सुईवर पहिला टाका घालण्याआधी तीन गोष्टी ठरवा: याला कशाची भीती वाटते, याची सवय कोणती आणि याचं काम काय. मग त्या सवयीसाठी अंगाचा कुठला भाग लांब, मऊ किंवा जड हवा ते बघा.

आपल्या विदर्भातले प्राणी यासाठी फार चांगले आहेत. ताडोबा-पेंचचा वाघ बहुतेक रात्रीच हिंडतो. तेव्हा ‘तू झोप, मी जागा आहे’ हे त्याचं काम आपोआप ठरतं. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला असा वाघ द्यावा. आपल्याकडच्या अस्वलाची पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात, म्हणून अस्वलाची सवय चिकटून बसण्याची. त्याचे हात लांब हवेत. मुलांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल मिरवायला असतो, तो कुशीत घेऊन झोपता येत नाही. लोकरीचा बैल शांत, बूड जड असलेला, घाई न करणारा करा.

सामान

डबल निटिंग (मध्यम) जाडीची लोकर साधारण ६० ग्रॅम, १० नंबरच्या (३.२५ मिमी) दोन सुया, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, डोळ्यांसाठी काळा किंवा गडद तपकिरी धागा आणि ५० ते ६० ग्रॅम पॉलिएस्टर फायबर. या लोकरीला एरवी ८ नंबरच्या (४ मिमी) सुया वापरतात. खेळण्यासाठी मुद्दाम बारीक सुई घ्यायची, नाहीतर भरल्यावर टाके ताणून मधून पांढरं फायबर दिसतं. १० सेंमीत २५ टाके आणि ३५ ओळी आल्या पाहिजेत. २२च येत असतील तर हात सैल आहे, ११ नंबरच्या सुया घ्या.

अ‍ॅक्रिलिकची बेबी वूल स्वस्त, हलकी आणि धुवायला सोपी. पण मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की ती अंगाला चिकटते आणि मूल प्राणी बाजूला टाकतं. उन्हाळ्यात द्यायचा असेल तर सुती धागा घ्या. तो ताण घेत नाही, त्यामुळे बोटं दुखतात आणि प्राणी थोडा जडही होतो, पण गालाला गार लागतो. नागपूरच्या इतवारी-गांधीबागेत लोकर घ्यायला गेलात तर सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे आहेत ना, ते तिथेच तपासा. वेगळ्या लॉटच्या रंगातला फरक दुकानाच्या दिव्यात दिसत नाही, घरी डोकं आणि पोट वेगळ्या छटेचे निघतात.

विदर्भात कापसाची कमी नाही, तरी आत कापूस भरू नका. एकदा धुतला की त्याचे गोळे होतात, आतून वाळत नाही आणि पावसाळ्यात बुरशीचा वास येतो. सावरीचा कापूस मऊ खरा, पण त्याचे तंतू टाक्यांमधून बाहेर येतात आणि नाकातोंडात जातात. वजनासाठी राजमा, ज्वारी, मोहरी तर अजिबात नको. किडे होतात, धुता येत नाही आणि शिवण उसवली तर दाणे थेट तोंडात. बूड जड करायचं असेल तर तिथे फायबर घट्ट भरा, वर सैल ठेवा, एवढ्याने काम होतं.

धड आणि डोकं

हे एकसंध विणायचं, शिवण पाठीला येते. सुलट ओळ समोरच्या बाजूची. ‘वाढवा’ म्हणजे एका टाक्यात दोनदा विणून एकाचे दोन करायचे. ‘२ एकत्र’ म्हणजे दोन टाके मिळून एक विणायचा.

१६ टाके घाला. पहिली ओळ उलट. दुसऱ्या ओळीत प्रत्येक टाका वाढवा, ३२ होतील. तिसरी उलट. चौथी: १ सुलट, पुढचा वाढवा, शेवटपर्यंत, ४८ टाके. आता उलट ओळीने सुरू करून एक उलट, एक सुलट अशा ३१ ओळी विणा.

खांदे: (४ सुलट, २ एकत्र) आठ वेळा, ४० टाके. उलट ओळ. (३ सुलट, २ एकत्र) आठ वेळा, ३२. उलट ओळ. (२ सुलट, २ एकत्र) आठ वेळा, २४. उलट ओळ. ही मान झाली.

डोकं: प्रत्येक टाका वाढवा, ४८. उलट ओळ. (५ सुलट, पुढचा वाढवा) आठ वेळा, ५६. उलट ओळीने सुरू करून १९ ओळी. मग (५ सुलट, २ एकत्र) आठ वेळा, उलट ओळ, आणि असंच दर सुलट ओळीत मधला एक टाका कमी करत ४८, ४०, ३२, २४वर या. एक उलट ओळ विणून शेवटी दोन-दोन एकत्र, १२ टाके. धागा ३० सेंमी ठेवून कापा, बाराही टाक्यांतून ओवून घट्ट ओढा.

डोकं धडापेक्षा रुंद झालं म्हणून बिचकू नका, ते तसंच हवं. मोठं डोकं, मोठं कपाळ आणि खाली असलेले डोळे बघितले की माणसाला जपावंसं वाटतं, हे प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी १९४३मध्येच मांडलं होतं.

पाय दोन: ८ टाके, वाढवून १६, उलट ओळ, (१ सुलट, १ वाढवा) करून २४, मग २७ ओळी आणि टाके बंद. हात दोन: ९ टाके, वाढवून १८, २५ ओळी, टाके बंद. अस्वलाचे हात ४२ ओळींचे करा आणि फक्त पंजात फायबर भरा, म्हणजे ते मुलाच्या मनगटाला वेढा घालतात. वाघाला सहा ओळी केशरी, दोन काळ्या. धागा दर वेळी कापू नका, कडेने वर नेत राहा.

सशाचे कान सगळ्या ओळी सुलट विणूनच करा. एक सुलट, एक उलट केलं तर कडा आत गुंडाळतात. १२ टाके, १० सेंमी लांबी, मग दर दुसऱ्या ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करत ४वर या आणि धागा ओवून ओढा. कान भरायचे नाहीत.

जोडणी

पाठीची शिवण बाहेरच्या, सुलट बाजूने घाला. कडेच्या टाक्याच्या आतला आडवा धागा एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा उचलायचा आणि चार-पाच टाक्यांनी एकदम ओढायचं. शिवण दिसत नाही. मध्ये ५ सेंमी जागा सोडा. आधी डोकं भरा, मग मान, मग धड. मानेत वाटतं त्यापेक्षा जास्त फायबर लागतं. मान कमी भरून वरून धागा आवळला की डोकं लटकतं आणि आठवडाभरात एका बाजूला पडतं. फायबर पिंजून लहान लहान पुंजक्यांत घाला, मोठा गोळा कोंबला तर गाल खडबडीत होतात. हातपाय मात्र खांद्याशी आणि मांडीशी सैल ठेवा, नाहीतर प्राणी बसत नाही.

चेहरा

स्वभाव इथे बिघडतो, म्हणून वेळ द्या. शिवण्याआधी टाचण्या लावून दोन-तीन जागा करून बघा आणि हात लांब करून बघा. जवळून सगळेच चेहरे बरे दिसतात. डोळे मानेपासून १२व्या-१३व्या ओळीवर, एकमेकांपासून ९ टाक्यांवर ठेवले तर प्राणी लहान, भोळा दिसतो. तेच १७व्या ओळीवर, ५ टाक्यांवर आणले की वयाने मोठा, लक्ष ठेवणारा दिसतो. जागणाऱ्या वाघाला हे दुसरं बरं. काम झालं की टाचण्या मोजून काढा. एक आत राहिली तर सगळं व्यर्थ आहे.

भुवईचा एक टाकाही चेहरा फिरवतो. आतलं टोक वर असेल तर काळजीत, खाली असेल तर रागात. धीर देणाऱ्या प्राण्याला भुवया देऊच नयेत असं आमचं ठाम मत आहे. तोंडही आडवं, तीन टाक्यांचं ठेवा. हसरं तोंड दुकानात विकलं जातं, पण रडणाऱ्या मुलासमोर सतत हसणारा प्राणी परका वाटतो. साधा चेहरा मुलाबरोबर रडतो, रुसतो आणि झोपतो.

डोळे भरतकामाचेच. तीन वर्षांखालच्या मुलांना बटणं, मणी, प्लास्टिकचे डोळे नकोत. चावून निघतात. लांब दोरी किंवा गळ्यात फासासारखी फीतही नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत कुठलंही मऊ खेळणं ठेवू नये, तुम्ही विणलेलंसुद्धा.

कार्ड

तीन-चार ओळी पुरतात, प्राण्याच्याच तोंडून. ‘मोठा आवाज झाला की मी दचकतो. तेव्हा माझे कान माझ्या डोळ्यांवर घे. मग मला बरं वाटतं.’ मुलाला यात करायला काहीतरी मिळतं आणि मोठं कोण ते क्षणभर उलटं होतं. ‘रडू नकोस’, ‘शूर हो’ असलं प्राण्याने बोलू नये. नावाची जागा रिकामी सोडा. मुलाने स्वतः ठेवलेलं नाव टिकतं. मागच्या बाजूला लोकर कसली आणि धुवायचं कसं ते पालकांसाठी लिहा.

रुग्णालयात द्यायचे असतील तर आधी त्या वॉर्डच्या सिस्टरांना विचारा, कारण काही ठिकाणी लोकरीच्या वस्तू घेतच नाहीत. नवी लोकर वापरा, धुऊन, वाळवून बंद पिशवीत द्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस करण्याचा उपक्रम २०१३मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाला. तो करायचा तर सुती धागाच हवा, ऑक्टोपसचा पाय ताणून २२ सेंमीपेक्षा लांब नको, आणि डॉक्टरांनी मागितल्याशिवाय करू नये. विकायचे असतील तर १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) प्रमाणपत्र लागतं. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांसाठी विणत असाल तर ससा-अस्वलापेक्षा वासरू किंवा मांजर करा. ओळखीचं जनावर हात आपोआप कुरवाळायला घेतो. मांडीवर बसेल इतकं मोठं हवं, त्यासाठी दुहेरी लोकर आणि ६ नंबरच्या सुया घेऊन हाच नमुना विणा.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, उशीच्या अभ्र्यात घालून. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. सावलीत पंख्याखाली वाळवा. कूलरसमोर नको, त्याची हवाच ओली असते. मूल वासाला सरावलेलं असतं, धुतलेला प्राणी त्याला एकदम वेगळा वाटतो. म्हणून जमलं तर एकसारखे दोन विणा आणि पहिल्या आठवड्यापासून आलटून पालटून द्या. दुसरा सहा महिन्यांनी काढला तर मूल त्याला ओळखत नाही. कार्डाबरोबर त्याच लॉटची चार-पाच मीटर लोकर गुंडाळून द्या, कारण सशाचा कान सगळ्यात आधी उसवतो आणि तेव्हा तो रंग बाजारात मिळत नाही.